उभी तार की आडवी? डोंगरावर रेडिओ नेताना अँटेना कसा निवडायचा

हा या आठवड्याच्या एपिसोडचा मजकूर. बोलताना माझं जे "म्हणजे", "ॲक्च्युअली" होतं ते जरा कमी केलंय, बाकी जसं बोललो तसंच ठेवलंय. ज्यांना ऐकायला वेळ नाही त्यांनी बसमध्ये वाचा.

आजचा प्रश्न तुमच्यापैकी बऱ्याच जणांचा आहे. "दादा, ट्रेकला हॅम रेडिओ न्यायचाय. तारेचा कुठला अँटेना घेऊ? एकच सांग." मी एका शब्दात उत्तर देत नाही म्हणून लोक वैतागतात. पण मी स्वतः एका शब्दात उत्तर शोधलं होतं आणि त्यात माझी चांगलीच फजिती झाली होती. आज आधी ती फजिती सांगतो.

नवीन मंडळींसाठी थोडक्यात. हॅम रेडिओ म्हणजे परीक्षा द्यायची, सरकारकडून लायसन्स आणि कॉल साइन घ्यायचं आणि स्वतःच्या वायरलेस सेटवरून छंद म्हणून लोकांशी बोलायचं. मधे मोबाईल टॉवर नाही, इंटरनेट नाही. तुमचा सेट, तुमची तार आणि वर आकाश. लायसन्स नसेल तर ट्रान्समिटचं बटण दाबायचं नाही, हे आधीच सांगून ठेवतो. आणि लायसन्स असेल तरी घराच्या पत्त्याबाहेरून सेट चालवायचे नियम निघायच्या आधी वाचून घ्या.

नाणेघाटावरची फजिती

मला हा छंद लावला तो आमच्या एका काकांनी. नात्याने काका नाहीत, पण पुण्यात आमचा सगळा ग्रुप त्यांना काकाच म्हणतो. वय सत्तरीच्या पुढे, टेलिफोन खात्यातून रिटायर. ते आम्हाला डोंगरावर न्यायचे, झाडावर दोरी कशी फेकायची ते शिकवायचे. मग त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि डोंगर बंद झाला. तेव्हा मी म्हटलं, "काका, तुम्ही घरी बसा, मी नाणेघाटावर जातो आणि तिथून तुमच्याशी बोलतो." सकाळी १० वाजता, ४० मीटर बँडवर, म्हणजे ७ मेगाहर्ट्झच्या आसपास. वेळ, फ्रिक्वेन्सी सगळं ठरलं.

नाणेघाट जुन्नरच्या पलीकडे, घाटघर गावाच्या वर. पुण्यापासून सरळ रेषेत नव्वदेक किलोमीटर. बाजूला जीवधन. वर मोकळं पठार, वारा सुसाट.

मी इंटरनेटवर खूप वाचलं होतं. "लांब बोलायचं तर उभा अँटेना." मग १० मीटरची फायबरची काठी घेतली, तिला १० मीटर तार उभी लावली, खाली जमिनीवर चार तारा पसरल्या. याला क्वार्टर वेव्ह व्हर्टिकल म्हणतात. मीटरवर मॅचिंग एकदम सुंदर. मनात म्हटलं, बंगळूरपर्यंत बोलणारा अँटेना आहे, पुणे तर काय, हाकेच्या अंतरावर.

दहाला सुरू केलं. बंगळूरच्या एका स्टेशनने उत्तर दिलं. केरळमधून एक जण आला. पुण्याहून मात्र काही नाही. साडेदहा, अकरा, सव्वाअकरा. मी बोलावतोय, काकांचा पत्ता नाही. मोबाईलला रेंज नाही, त्यामुळे फोन करून विचारताही येईना. शेवटी बॅटरी उतरली आणि आम्ही खाली आलो.

संध्याकाळी जुन्नरला रेंज आली तसा फोन लावला. काकूंनी उचलला. म्हणाल्या, "अरे, दहापासून साडेअकरापर्यंत कानाला हेडफोन लावून बसले होते. चहा थंड झाला, मला एक शब्द बोलू दिला नाही." मग काका फोनवर आले. मला वाटलं आता ओरडणार. त्यांनी एकच विचारलं, "तार उभी होती की आडवी?"

मी म्हटलं, "उभी."

"मग बरोबर आहे. तू माझ्या डोक्यावरून बोलत होतास."

छताला चेंडू

काकांनी मला जे समजावलं ते असं. ७ मेगाहर्ट्झचा सिग्नल डोंगर ओलांडून सरळ पुण्याला जात नाही. जमिनीलगत जाणारा भाग खडकात आणि डोंगरात लवकर संपतो. बाकीचा वर जातो, साधारण ३०० किलोमीटर उंचीवर आयनोस्फिअरचा थर आहे, त्यावर आपटतो आणि खाली येतो.

आता एका मोठ्या हॉलमध्ये तुम्ही उभे आहात असं समजा. छताला चेंडू मारून समोरच्याला द्यायचाय. समोरचा दोन पावलांवर असेल तर चेंडू जवळजवळ सरळ वर मारावा लागेल. तो हॉलच्या दुसऱ्या टोकाला असेल तर तिरका मारावा लागेल. रेडिओचं तेच. नव्वद किलोमीटरवरच्या पुण्यासाठी सिग्नल जमिनीशी ८० अंशांच्या आसपास, म्हणजे जवळपास डोक्यावर सोडायला हवा. आठशे किलोमीटरवरच्या बंगळूरसाठी तोच कोन पस्तीसच्या जवळ येतो.

आणि उभी तार नेमकी डोक्यावरच काही सोडत नाही. तिचा जोर बाजूला, तिरका. म्हणून बंगळूरला मी ऐकू गेलो आणि ज्यांच्यासाठी गेलो होतो त्यांना नाही.

आडवी तार, तीही फार उंच नाही, बहुतेक सगळी शक्ती वर फेकते. कपडे वाळत घालायच्या दोरीसारखी चार ते आठ मीटरवर टांगलेली तार ४० मीटर बँडवर दिवसा पहिल्या तीन-चारशे किलोमीटरसाठी उत्तम. डोंगर मधे आला तरी फरक पडत नाही, कारण सिग्नल वरून पावसासारखा पडतो. पूर-भूकंपासारख्या वेळी जेव्हा शेजारच्या जिल्ह्याशी बोलायचं असतं तेव्हा हीच पद्धत कामाला येते.

एक सावधगिरी. हे दिवसाचं गणित आहे. रात्री तो थर विरळ होतो, मग ७ मेगाहर्ट्झचा सरळ वर गेलेला सिग्नल आरपार निघून जातो. रात्री जवळ बोलायचं तर ८० मीटर बँडवर यावं लागतं आणि तार दुप्पट लांब लागते.

आधी तीन प्रश्न

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. रिक्वायरमेंट न विचारता कोड लिहिला तर काय होतं ते मला रोज दिसतं. तरी अँटेनाच्या बाबतीत मी तेच केलं. आता तार कापायच्या आधी तीन प्रश्न विचारतो.

पहिला, कोणाशी बोलायचंय? जवळच्यांशी की लांबच्यांशी, दिवसा की रात्री? यावरून बँड आणि तारेचा आकार ठरतो.

दुसरा, तिथे काय आहे? झाडं आहेत का? वीस मीटर सलग मोकळी जागा आहे का? खाली माती आहे की कातळ? सह्याद्रीत माथ्यावर बहुतेक वेळा झाड नसतं आणि खुंटी ठोकायला माती नसते.

तिसरा, पाठीवर किती न्यायचं आणि उभं करायला किती वेळ आहे? जो अँटेना वाऱ्यात पंधरा मिनिटांत उभा राहत नाही, तो कागदावर कितीही चांगला असला तरी डोंगरावर निरुपयोगी.

चार तारा

या उत्तरांवरून साधारण चार पर्याय समोर येतात.

एक, लिंक डायपोल. मधोमध केबल जोडायची, दोन्ही बाजूंना सारख्या लांबीची तार. पूर्ण लांबीचं सूत्र सोपं आहे. १४३ भागिले मेगाहर्ट्झमधली फ्रिक्वेन्सी, उत्तर मीटरमध्ये. ७.१ ला साधारण २०.१ मीटर, म्हणजे एका बाजूला १० मीटर. १४.२ ला एका बाजूला ५ मीटर. म्हणून प्रत्येक बाजूला ५ मीटरवर एक छोटा जोड ठेवायचा. जोड उघडा असेल तर २० मीटर बँड, लावला तर ४० मीटर बँड. मध्यभाग एका काठीवर आणि दोन्ही टोकं खाली उतरती ठेवली की उलटा व्ही होतो. एक काठी पुरते, ट्यूनर लागत नाही, रेडिओला मॅचिंगही चांगलं मिळतं. तोटा काय? बँड बदलायला उठून जोड लावावे लागतात आणि केबल मध्यापर्यंत वर जात असल्याने काठीवर वजन येतं.

दोन, एंड फेड हाफ वेव्ह. तीच २० मीटर तार, पण केबल मधे न जोडता एका टोकाला. टोकाला इम्पिडन्स अडीच हजार ओहमच्या आसपास असतो आणि रेडिओला हवा असतो ५०. म्हणून मधे ४९:१ चा छोटा ट्रान्सफॉर्मर लागतो. फेराइटच्या रिंगवर २ वेढे आणि १४ वेढे, गुणोत्तर सात, सातचा वर्ग एकोणपन्नास. मजा अशी की ही एकच तार ४०, २०, १५ आणि १० मीटर अशा चार बँडवर ट्यूनरशिवाय चालते, कारण ७, १४, २१, २८ अशी पट जुळते. झाड असेल तर दोरी फेका, तार ओढा, झालं. तोटा म्हणजे ट्रान्सफॉर्मरमध्ये थोडी शक्ती जाते आणि केबलच तारेचा भाग बनून रेडिओ नखरे करू शकतो. दोनेक मीटरची एक छोटी तार काउंटरपॉइज म्हणून जोडली की बरंच शांत होतं. आणि टोकाला हात लावू नका. दहा वॉटलाही तिथे दीडशेच्या वर व्होल्ट असतात.

तीन, रँडम वायर. नाव रँडम असलं तरी लांबी वाट्टेल ती नाही. वापरायच्या कुठल्याही बँडच्या अर्ध्या तरंगलांबीच्या पटीत ती येऊ द्यायची नाही, नाहीतर ट्यूनर हात टेकतो. ९:१ चा ट्रान्सफॉर्मर आणि रेडिओत ट्यूनर असेल तर १२.५ मीटरच्या आसपासची तार बऱ्याच बँडवर चालवता येते. जागा अगदी कमी असेल तेव्हा उपयोगी. पण "मॅच झालं" म्हणजे "शक्ती बाहेर गेली" असं नाही, हे लक्षात ठेवा. ट्यूनर रेडिओला खूश करतो, तारेची कार्यक्षमता वाढवत नाही.

चार, उभी क्वार्टर वेव्ह. तीच, माझ्या फजितीची. ती वाईट नाही, मी चुकीच्या कामाला नेली. हीच तार मालवणच्या किंवा गोव्याच्या किनाऱ्यावर पाण्याजवळ लावा, १४ मेगाहर्ट्झसाठी ५ मीटर तार आणि खाली रेडियल. समुद्राचं खारं पाणी कमी कोनातल्या सिग्नलला असा आधार देतं की संध्याकाळी परदेशी बोलायला यासारखी तार नाही. कोरड्या कातळावर मात्र तिची बरीच ताकद जमिनीतच जिरते.

आता यातली महत्त्वाची गोष्ट. अँटेनाच्या नावापेक्षा तो कसा टांगला आहे हे जास्त मोजावं लागतं. एंड फेड तार मधे उचलून उलटा व्ही केला तर तीही जवळचं छान बोलते. तीच उंच झाडावर उभी चढवली तर स्वभाव बदलतो. त्यामुळे "कुठला घेऊ" याआधी "कसा टांगू" हे विचारा.

बनवताना आणि लावताना

पहिला अँटेना विकत घेऊ नका, बनवा. इलेक्ट्रिकच्या दुकानातली बारीक मल्टिस्ट्रँड वायर चालते. सूत्राने जी लांबी येते त्यापेक्षा दोन्हीकडे हातभर जास्त ठेवा. वायरवर प्लास्टिकचं आवरण असलं की ती सूत्रापेक्षा थोडी आखूडच जुळते. पण आधी कापली तर जोडत बसावं लागतं. लावा, एसडब्ल्यूआर मोजा, दोन्हीकडून सारखं थोडं कापा, परत मोजा. आणि डोंगरावर ज्या उंचीवर लावणार त्याच उंचीवर मोजा, कारण जमीन जवळ आली की आकडे बदलतात.

गुंडाळायला पतंगाची फिरकी झकास. तार कधी गुंतत नाही. ताणायला गवंडी वापरतात ती रंगीत नायलॉनची दोरी, लांबून दिसते, त्यामुळे कोणी अडखळत नाही.

काठी फायबरग्लासची घ्या. मासेमारीच्या दुकानात कार्बन फायबरचीही मिळते, ती हलकी असते, पण कार्बन वीज वाहतो आणि तुमचं सगळं ट्यूनिंग बिघडवतो. कातळावर खुंटी जात नाही, तेव्हा दगडांचा ढीग करा किंवा पाण्याच्या भरलेल्या बाटल्या बांधा. नाणेघाटावर मी काठी सॅकला बांधून सॅक दगडांनी दाबली होती.

केबल जितकी पुरते तितकीच न्या. बारीक आरजी १७४ हलकी आहे, पण १० मीटरमध्ये ४० मीटर बँडवर साधारण एक डेसिबल खाते, म्हणजे दहातले जवळपास दोन वॉट. मला वजनासाठी ते चालतं. पंचवीस मीटर नेणार असाल तर जाड केबल घ्या.

आणि हे चार नियम मी मोडत नाही. विजेच्या तारांच्या आसपास दोरी फेकायची नाही, अजिबात. ढग गडगडले की सगळं खाली. किल्ल्याच्या तटबंदीला, शिलालेखांच्या गुहांना, मंदिराला काही बांधायचं नाही, ठोकायचं नाही. नाणेघाटाच्या गुहेपासून आम्ही लांब, पठारावर होतो. आणि कड्याजवळ आग्यामोहोळ दिसलं तर गुपचूप जागा बदलायची.

पुन्हा नाणेघाट

फजिती डिसेंबरातली. फेब्रुवारीत परत गेलो. तोच रेडिओ, तेच दहा वॉट, तीच वेळ. पण एक शंका होती. एका दिवसाच्या अनुभवावरून उभी तार वाईट ठरवणं बरोबर नाही, त्या दिवशी आयनोस्फिअरच रुसला असेल तर? म्हणून या वेळी दोन्ही नेल्या. सहा मीटरच्या काठीवर लिंक डायपोल, टोकं जमिनीपासून दीडेक मीटरवर, आणि त्यापासून पंचवीस-तीस मीटर लांब जुनी उभी तार. केबल बदलली की अँटेना बदलला.

दहा वाजता डायपोलवर हाक मारली. पहिल्या हाकेला काही नाही. दुसऱ्या हाकेला हेडफोनमध्ये काकांचा आवाज. मी खरं सांगतो, रोज फोनवर ऐकतो तोच आवाज, पण त्या पठारावर तो ऐकून मी उभा राहिलो.

मग पाच-पाच मिनिटांनी अँटेना बदलत राहिलो. काकांनी वहीत लिहून घेतलं. डायपोलवर त्यांच्या मीटरवर एस ६. उभ्या तारेवर एस ४, आणि शहरातला गोंगाटही तिथेच, म्हणजे कोणीतरी बोलतंय एवढंच कळतं, शब्द लागत नाहीत. दोन एस युनिट म्हणजे १२ डेसिबल, म्हणजे सोळा पट. विचार करा, उभ्या तारेवरून काकांना तेवढंच स्पष्ट ऐकू जायला मला दहाऐवजी १६० वॉट लागले असते, आणि तेवढी बॅटरी उचलायला एक माणूस वेगळा. बंगळूरचं एक स्टेशन पण भेटलं. त्यांनी सांगितलं, दोन्ही तारांत फारसा फरक नाही.

म्हणून माझ्या सॅकमध्ये आता लिंक डायपोल असतो. कारण मला सह्याद्रीतून दिवसा घरच्या माणसांशी बोलायचं असतं. तुमचं उत्तर वेगळं असेल. तुम्ही कोकणात किनाऱ्यावर राहता आणि जपान-युरोप गाठायचंय? उभी तार घ्या. जंगलात झाडंच झाडं आहेत आणि चार बँड हवेत? एंड फेड घ्या. पण आधी ठरवा, पलीकडे हेडफोन लावून कोण बसलंय.

आवरायच्या आधी काका म्हणाले, "जरा माईक बाजूला धर." मी धरला. थोडा वेळ कोणीच काही बोललं नाही. मग ते म्हणाले, "वारा येतोय रे ऐकू. जीवधनच्या बाजूचा आहे ना?"

तोच होता.

पुढच्या भागात बॅटरीबद्दल बोलू, किती अँपिअर-अवर न्यायची आणि ती का नेहमी कमीच पडते. तोपर्यंत तार कापायला घ्या, थोडी लांबच कापा. हॅम मंडळी निरोप घेताना म्हणतात तसं, सगळ्यांना ७३. भेटू!